संगणक सुरू होताना पहिला मान कोणाचा?

१/ मनमाडहून येणारी गाडी पेडगाव स्थानक मागे टाकून परभणी जंक्शनात शिरते. तिथून एक मार्ग पूर्णा-नांदेडकडे जातो, दुसरा परळी वैजनाथकडे. गाडी कोणीकडे वळेल हे इंजिनचालक ठरवत नाही. रुळांचे सांधे आधीच जोडून ठेवलेले असतात.

२/ ज्या संगणकात विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी नांदतात, त्यातही असा एक सांधा असतो. आपण काहीच निवडले नाही तर कोणती प्रणाली सुरू होणार, ते तो ठरवतो. यालाच ‘डिफॉल्ट’ म्हणतात. मंडळी, या क्षुल्लक भासणाऱ्या सेटिंगवरून एक खटला उभा राहिला होता.

३/ आरंभ १९८३ चा. आयबीएमचा पीसी एक्सटी १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आणि पीसी-डॉस २.० घेऊन आला. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत चार विभागांच्या नोंदी असत, प्रत्येकी १६ बाइटांच्या. ज्या नोंदीचा पहिला बाइट १२८, तो विभाग ‘सक्रिय’, इतरांचा शून्य. संगणकाची सूत्रे कोणाकडे जाणार, ते या एका बाइटावर ठरे.

४/ आता १९९८. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांच्या ‘बी’ या कंपनीने बीओएस ही देखणी, चपळ प्रणाली घडवली होती. जपानच्या हिताचीने आपल्या फ्लोरा प्रियस संगणकांवर विंडोजसोबत ती बसवलीही. मात्र संगणक सुरू केला की थेट विंडोजच उघडे. निवडीचा मेनू दिसतच नसे. बीओएस डिस्कवर होती, पण दडलेली. ती जागी करायला ग्राहकाने खटाटोप करून वेगळी फ्लॉपी तयार करायची! किती ग्राहक तो करणार?

५/ बीचा आरोप असा, की मायक्रोसॉफ्टचे परवान्याचे करार संगणक-निर्मात्यांना सुरुवातीच्या क्रमाला हात लावू देत नाहीत. १९९९ मध्ये गासे यांनी जाहीर केले: पहिल्यांदा संगणक सुरू करताच ग्राहकाला बीओएस दिसेल अशी सोय करणाऱ्या कंपनीला ती फुकट देऊ. कोणीही पुढे आले नाही. २००१ मध्ये बीची मालमत्ता पाम कंपनीकडे गेली. फेब्रुवारी २००२ मध्ये बीने दावा लावला आणि सप्टेंबर २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली नाही. पैसा मिळाला तेव्हा प्रणाली बाजारातून उठून गेली होती.

६/ आज हा सांधा आपल्या हाती आहे. लिनक्समधील ‘ग्रब’ मेनूत डिफॉल्ट नोंद क्रमांकाने सांगता येते. मोजणी शून्यापासून, आणि इथे एकदाही फसला नाही असा लिनक्सवाला विरळाच. फाइल बदलल्यावर ग्रबची मांडणी पुन्हा तयार करण्याची आज्ञा द्यावी लागते, नाहीतर बदल लागूच होत नाही. नवा कर्नल आला की नोंदींचे क्रमांक सरकू शकतात. म्हणून क्रमांकाऐवजी नोंदीचे नाव देणे, किंवा मागच्या वेळची निवड लक्षात ठेवायला सांगणे, मला अधिक भरवशाचे वाटते. नव्या यूईएफआय संगणकांत याच्याही आधी एक यादी वाचली जाते, ‘बूट ऑर्डर’ची. तिथे विंडोज वर असेल, तर ग्रबची पाळीच येत नाही.

७/ आणि बीओएस? तिच्या चाहत्यांनी २००१ मध्येच ती मुक्त स्वरूपात नव्याने लिहायला घेतली. ‘हायकू’ या नावाने ती आजही चालते. तिच्यासोबत तिचा स्वतःचा बूट मेनू मिळतो, आणि त्यात डिफॉल्ट कोण हे बसवणाराच निवडतो.