तळटीप : युनिक्स दुसऱ्या यंत्रावर
१२. केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९७३ साली बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा गाभा असेंब्लीऐवजी सी भाषेत नव्याने लिहिला. असेंब्लीतला प्रोग्राम एकाच जातीच्या यंत्रावर चालतो. सीमधला मात्र त्या त्या यंत्राच्या कंपायलरमधून काढून घेता येतो. तरीही अडचणी उरतात. पीडीपी-११ या यंत्रावर पूर्णांकाला १६ बिट, तर इंटरडेटा ८/३२ या यंत्रावर ३२. शिवाय बाइटांचा क्रमही उलटा. युनिक्स पहिल्यावरून दुसऱ्या यंत्रावर नेताना रिची व स्टीफन जॉन्सन यांनी यंत्राशी जखडलेला थोडा कोड वेगळा काढला आणि बाकीचा सामाईक ठेवला. एकाच कोडमधून अनेक प्लॅटफॉर्मसाठी सॉफ्टवेअर बांधण्याची ही आजही एक भरवशाची रीत आहे.