कावीळ आणि उंदराचा नकार

येरवड्याहून मुळामुठेचा पूल ओलांडून शहरात आले म्हणजे आंबेडकर रस्त्यावर राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था लागते. १९५२ साली स्थापन झालेल्या या संस्थेने काविळीच्या ज्या प्रकाराचा पिच्छा पुरविला, त्याचा इतिहास एका विलक्षण अडचणीचा इतिहास आहे. हा रोग देऊन पाहावा असा लहान प्राणीच मिळत नव्हता.

१९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरले आणि सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांतील मृत्यूचे प्रमाण इतरांहून पुष्कळच अधिक होते. ही नेहमीची ‘अ’ प्रकारची कावीळ, असा समज रूढ झाला. जपून ठेवलेल्या रक्तद्रवांच्या तपासणीने १९८० साली तो खोटा ठरविला. मग खरा अपराधी कोण?

उंदराला हा विषाणू बाधेना. अखेर १९८३ साली बलायन या रशियन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या मळाचा अर्क स्वतःच प्राशन केला. तो आजारी पडला, त्याच्या मळात विषाणूचे कण दिसले आणि तोच रोग माकडांतही उतरविता आला. पुढे पुण्याच्या संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषाणूचा माग काढला. १९९० साली त्याची जनुकीय ओळख पटली, तीही बाधित माकडाच्या पित्तातून. हाच ‘ई’ प्रकार होय.

परंतु माकड महाग. त्याच्या यातना पाहून मनही कचरते. २००९ साली चीनमध्ये सशांत याच कुळातला विषाणू आढळला. पुढे मानवी यकृतपेशी रुजविलेल्या उंदरांतही मनुष्याचा विषाणू वाढविता आला. मात्र परक्या पेशी नाकारल्या जाऊ नयेत म्हणून या उंदरांची प्रतिकारशक्ती आधीच हिरावलेली असते. सबब शरीर रोगाशी झुंजते कसे, हे त्यांच्याकडून कळत नाही. आणि गर्भवतीचा घात नेमका कशाने होतो, हे कोडे तर त्या झुंजीशीच निगडित असावे, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

उंदराने नकार दिला, म्हणून मनुष्याला स्वतः विष प्यावे लागले. तो नकार अर्धामुर्धा मोडला आहे. संशोधकांनी उरलेलाही खुशाल मोडावा. आम्हांस मात्र पूल ओलांडताना खालचे पाणी दिसते. ते शुद्ध राखण्यासाठी कोणत्याही उंदराच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही.