भोळा कोण?

आमच्या सालेकसा भागात चटकन भुलणाऱ्याला मराठी माणूस ‘हलक्या कानाचा’ म्हणतो, हिंदीवाला ‘कान का कच्चा’. तेव्हाचा हा भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. दोन्ही कान शेजारी नांदले. ‘गाफील’ मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. त्यात बेसावधपणा आहे, भाबडेपणा नाही. मला खटकतो तो ‘भोळा’. शंकराला म्हटला की मायेचा, गोंडाला म्हटला की सोयीचा! कचारगडच्या माघी यात्रेला येणाऱ्या जाणत्या गोंडाला विचारा, कुठलं कूळ किती देवांचं ते तोंडपाठ सांगेल. पण कागदावर अंगठा घेऊन कुणी जमीन लाटली, की फसलेलाच ‘भोळा’ ठरे. आदिवासींच्या जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्राला १९७४चा कायदा करावा लागला.