रिकामे स्विच झोपवा, वीज वाचवा: डेटा सेंटरमधलं एसडीएन

रात्री ३ वाजता रील्स बघणारे कमीच असतात. पण त्या रील्स जिथून येतात, त्या डेटा सेंटरमधले नेटवर्क स्विच संध्याकाळच्या गर्दीत असतात तसेच सगळे चालू असतात.

फोन नुसता पडून असेल तर बॅटरी कमी खातो. स्विचचं तसं नाही. २०१० साली स्टॅनफर्डच्या ब्रँडन हेलर आणि सहकाऱ्यांनी 'इलॅस्टिक ट्री' या प्रकल्पात मोजून पाहिलं: ट्रॅफिक शून्यावरून पूर्ण क्षमतेपर्यंत नेला, तरी स्विचचा वीजवापर ८ टक्क्यांहून कमी वाढतो. वापरात नसलेला एखादा पोर्ट बंद केला तर जेमतेम १-२ वॅट वाचतात. म्हणजे खरी बचत हवी असेल तर रिकाम्या खोलीतल्या पंख्यासारखा अख्खा स्विचच बंद करायला हवा.

पण कोणता? नेहमीच्या नेटवर्कमध्ये प्रत्येक स्विच पॅकेट कुठे पाठवायचं ते स्वतःच ठरवतो. सॉफ्टवेअर-डिफाइंड नेटवर्किंगमध्ये, म्हणजे एसडीएनमध्ये, हा निर्णय कंट्रोलर नावाचं एकच सॉफ्टवेअर घेतं. ते ओपनफ्लो प्रोटोकॉलने सगळ्या स्विचकडून ट्रॅफिकचे आकडे मागवतं, विखुरलेला ट्रॅफिक मोजक्या रस्त्यांवर गोळा करतं आणि मोकळे झालेले स्विच बंद करता येतात. इलॅस्टिक ट्रीच्या एका उदाहरणात १६ सर्व्हर आणि २० स्विच होते. कमी ट्रॅफिकला १३ स्विच पुरले आणि नेटवर्कची ३८ टक्के वीज वाचली. त्या १३ पैकी ८ ना थेट सर्व्हर जोडलेले, त्यामुळे त्यांना हात लावताच येत नाही. उरले ५: मधल्या थरातले ४ आणि वरचा कोअर स्विच फक्त १.

गोची इथेच आहे. तो एक कोअर स्विच बंद पडला की काय? आणि अचानक ट्रॅफिक वाढला तर झोपवलेला स्विच बूट व्हायला अर्धा मिनिट तरी घेतो. नेटवर्कच्या जगात अर्धा मिनिट म्हणजे युग!

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी लॅपटॉपवर मिनीनेटमध्ये हाच प्रयोग केला. (मिनीनेट बनवणाऱ्यांतही हेलर आहेत.) जास्तीत जास्त बचत दाखवायच्या नादात एकच कोअर ठेवला, ट्रॅफिक वाढवला आणि धडाधड पॅकेट ड्रॉप व्हायला लागले. मग दुसरा कोअर स्विच कायम चालू ठेवला. बचतीचा आकडा घसरला, सर काही खूश झाले नाहीत, पण ड्रॉप थांबले.