मेंदूज्वर : एक नाव, दोन रोग

मराठीत ‘मेंदूज्वर’ हा शब्द दोन भिन्न विकारांस सरसकट लावला जातो. मेंदूवरील आवरणांचा दाह हा एक, प्रत्यक्ष मेंदूचा दाह हा दुसरा. पहिल्यास मस्तिष्कावरणदाह व दुसऱ्यास मस्तिष्कदाह असे पर्याय आहेत खरे. पण ते बोलण्यात उतरले नाहीत. शेतकरी भोगावतीकाठच्या राधानगरीचा असो वा वैनगंगेकाठचा, ‘ताप मेंदूत गेला’ एवढेच तो म्हणतो. आणि रोग्याच्या उशाशी बसलेल्यास तेवढे पुरतेही. साथीचा बंदोबस्त करणाऱ्यास मात्र ते पुरत नाही. आवरणदाहाची साथ आणणारा मेनिंगोकॉकस जंतू नाकाघशातील तुषारांतून पसरतो. तेथे रोग्याच्या निकटच्या माणसांना औषध देणे व लस टोचणे हा उपाय. मस्तिष्कदाहाचा विषाणू कीटकाने आणला असेल, तर फवारणी घराच्या भिंतींवर करावयाची असते.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे चांदीपुरा विषाणूच्या इतिहासावरून दिसते. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ असताना दोन रोग्यांच्या रक्तातून एक नवा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात वेगळा करण्यात आला. भट व रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला आणि नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचे नाव विषाणूस मिळाले. पुढे तो वाळूमाशीतही सापडला. तरीही प्रयोगशाळेबाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

२००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली; साथ महाराष्ट्रातही होती. ताप आल्यापासून एकदोन दिवसांतच अनेक मुलांचा अंत होई. पुण्याच्या संस्थेने (१९७८ पासून तिचे नाव राष्ट्रीय विषाणू संस्था) चांदीपुरा विषाणूकडे बोट दाखविले. त्यावर, हा मस्तिष्कदाह नव्हेच, मेंदूच्या रक्तवाहिनीवरील आकस्मिक आघात होय, असा पक्ष काही डॉक्टरांनी मांडला. वाद वरकरणी संज्ञेचा. पण वाळूमाशीच्या मागे लागावयाचे की नाही, हे त्यावरच ठरणार होते. ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांच्या आसपास राहते. विशिष्ट औषध वा लस नसल्याने भेगा बुजविणे, कीटकनाशक फवारणे आणि मूल वेळीच रुग्णालयात पोहोचविणे एवढेच हाती उरते.

देखरेखीच्या कामात आता ‘तीव्र मस्तिष्कदाह लक्षणसमूह’ ही संज्ञा वापरतात. ती मुद्दाम सैल ठेवलेली आहे : आधी नोंद, मग कारणाचा शोध. ‘मेंदूज्वर’ही सैलच, फरक एवढाच की, त्याचा सैलपणा कोणी योजलेला नाही. जून ते १५ ऑगस्ट २०२४ या काळात भारतात, मुख्यतः गुजरातेत, ह्या लक्षणसमूहाचे २४५ रोगी व ८२ मृत्यू नोंदले गेले. चांदीपुरा विषाणू त्यांपैकी ६४ जणांत निश्चित झाला.