लुगडं आईचं, नेसवणारा पुरुष

लहान मुलाला नाचासाठी तयार करणं हे आईचं काम, हे आपण इतकं गृहीत धरतो की त्यालाही काही इतिहास असेल असं मनात येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी गजरा माळणारी, नऊवारीच्या निऱ्यांना पिना लावणारी, गालांना लाली फासणारी आई रत्नागिरीत पूर्वापार असणार, असं कुणालाही वाटावं. ती नव्हती. या जिल्ह्यात चारचौघांसमोर नाचणाऱ्या मुलाला सजवण्याचा मान अगदी अलीकडेपर्यंत पुरुषांकडे होता. तो आईच्या हाती आला, त्याचं कारण सवयींपेक्षा खोल आहे. घरच्या मुलीनं लोकांसमोर नाचावं की नाही, या प्रश्नाचं उत्तर समाजानं मध्यंतरी बदललं. म्हणून इथल्या मुलांच्या नाचाचा इतिहास वाचायचा तर पावलं आणि ठेके थोडे बाजूला ठेवून आधी रंगपटात डोकावावं. मुलाला कोण सजवतंय हे पाहिलं की तो नाच कुणाच्या मालकीचा आहे, ते कळतं.

जुना पुरावा दासबोधाचा आहे. सहाव्या दशकात समर्थ दृश्य जगाचा खोटेपणा सांगताना दशावतारी खेळाचा दाखला देतात: खेळात डोळे मोडणाऱ्या सुंदर स्त्रिया दिसतात, प्रत्यक्षात ते सगळे धटिंगण असतात. सतराव्या शतकातल्या श्रोत्याला हा दाखला समजावून सांगावा लागत नव्हता, म्हणजे पुरुषानं स्त्री होऊन नाचणं त्याच्या रोजच्या माहितीतलं होतं. दशावतार कोकणात रुजवण्याचं श्रेय परंपरा राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांना देते आणि त्यासाठी १७२८ हे साल सांगते. ते साल आणि दासबोधाचा काळ एकमेकांशी जुळत नाहीत, पण आपल्या मुद्द्याला त्यानं बाध येत नाही. दोन्हीकडे नाचणारी बाई ही पुरुषानं घडवलेली आहे. दशावतार पुढे दक्षिण कोकणात बहरला आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाल्यावर तो त्या जिल्ह्याची ओळख बनला. रत्नागिरी, संगमेश्वर, लांजा या बाजूला राहिलं ते नमन-खेळे, गुहागर-चिपळूणकडे संकासुराबरोबर फिरणारी राधा, आणि गणपतीतली जाखडी. यांतली राधा, शिमग्यात दारोदार नाचणारी गोमू, नमनातल्या गवळणी ही सगळी पात्रं मिसरूड न फुटलेल्या पोराकडे जात. आवाज फुटला की राधा गेली आणि पुढच्या वर्षी दुसरा पोरगा उभा राहिला. त्यामुळे प्रत्येक गावाला दर दोन-चार वर्षांनी एका नव्या मुलाला लुगडं नेसवून, चाळ बांधून तयार करावं लागे, आणि ते जमणारी माणसं गावात कायम असावी लागत.

ही माणसं म्हणजे वाड्यातले जाणते खेळे. मुरदाडशिंग आणि सफेदा खोबरेल तेलात कालवून चेहऱ्यावर लावायचा थर, गालावर हिंगूळ, डोळ्यांत काजळ, अंबाड्याला गंगावन, वर शिमग्याच्या दिवसांत नेमका फुललेला सुरंगीचा वळेसर. हे सगळं एक माणूस दुसऱ्याला हातानं दाखवी, कुठे लिहिलेलं नसे. रंग चढण्याआधी गाऱ्हाणं, नारळ आणि चाळांना नमस्कार. देवाच्या पालखीबरोबर निघणारा खेळ हा देवकार्याचा भाग असल्यानं त्यातलं प्रत्येक काम मानकऱ्यांच्या आणि जाणत्यांच्या अखत्यारीतलं. इथे एक विसंगती डोळ्यांत भरते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी जिल्हा मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवत होता. कामगारांचा मोठा वाटा याच जिल्ह्यातून जाई. पुरुष मुंबईला आणि घर, शेत, गुरं, म्हातारी माणसं बाईच्या खांद्यावर. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येत, तेव्हाच नेमके नाच असत. वर्षभर पोराला न्हाऊमाखू घालणाऱ्या आईच्या हातून शिमग्याच्या त्या संध्याकाळी पोरगा काढून घेतला जाई. तिच्या पेटीतलं लुगडं मात्र बाहेर निघे. लुगडं तिचं, नेसवणारा दुसराच.

यावर कुणी म्हणेल, कोकणातल्या मुली काय नाचत नव्हत्या? गौरी-गणपतीत फुगड्या, झिम्मा, मंगळागौरीचे खेळ यांत आई आणि मुलगी एकत्रच नाचत. खरं आहे, आणि तोच फरक नीट पाहायला हवा. फुगडीला कुणी सजत नाही. पदर खोचला, केस घट्ट बांधले की झालं. फुगडी घालणारी आणि पाहणारी एकच, कधी ही आत तर कधी ती. परका प्रेक्षक तिथे नसतोच. सजवणं सुरू होतं ते पाहणारा वेगळा झाला की. माजघरातल्या नाचाला तयारी लागत नव्हती आणि अंगणापलीकडच्या नाचाला लागत होती. अंगणापलीकडे मुलीनं जायचं नव्हतं, म्हणून तयारी मुलाची झाली. मुलींच्या नाचाची हौस कोकणाला मुळीच कमी नव्हती. बंदी होती ती त्या नाचाला प्रेक्षक मिळण्यावर.

ती बंदी इतकी कडक का, याचं उत्तर याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका सजवण्यात आहे, आणि लोककलेवर कौतुकानं लिहिणारे बहुधा ते टाळून पुढे जातात. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटियरमध्ये देवळांशी बांधलेल्या भाविणी आणि देवळी यांची नोंद आहे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात या घरांतल्या मुलीला लहानपणीच नवरीसारखं नटवून तिचा शेजविधी होई. हळद, नवी वस्त्रं, दागिने सगळं लग्नासारखं, फक्त नवरा माणूस नसे. त्या मुलीला नटवणाऱ्या बायकाच असत, पण तिच्या पुढच्या आयुष्याचा निर्णय देऊळ, गावकी आणि यजमान यांनी घेतलेला असे. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या रत्नागिरीकराला नटवलेलं मूल दोन ठिकाणी दिसे: एक शिमग्यातला राधा झालेला पोरगा, जो रंग पुसला की पुन्हा गुरांमागे जाई; दुसरी शेज लागलेली मुलगी, जिला परत फिरायला वाट नसे. अशा समाजात घरंदाज बाई आपल्या मुलीच्या पायांत चाळ बांधेल ही अपेक्षाच चुकीची. भाविणींची विटंबना आणि घरातल्या मुलीवरची बंदी ही एकाच व्यवस्थेची दोन टोकं होती. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्यानं अशा समर्पणाला बंदी घातली. त्याआधी आणि नंतर भाविणी-देवळींच्याच समाजातल्या लोकांनी केलेल्या सुधारणा चळवळीला या श्रेयातला मोठा वाटा द्यायला हवा. नाच आणि देह विकणं यांची गाठ सुटायला सुरुवात झाली ती इथून.

दुसऱ्या टोकाची गाठही त्याच सुमारास सैल होत होती. सार्वजनिक गणेशोत्सवाबरोबर मेळे निघाले. एकसारख्या वेशातली मुलं पदं म्हणत ठेक्यावर पावलं टाकत गावभर फिरू लागली. आधी फक्त मुलगे, पुढे मुलीही, आणि मुली आल्यावर वादही आले. १९३६ साली मद्रासेत रुक्मिणीदेवींनी कलाक्षेत्र काढलं, खंडाळ्याला मॅडम मेनकांची नृत्यशाळा उभी राहिली, १९४७ साली रोहिणी भाटे यांनी पुण्यात नृत्यभारती सुरू केली. ही सगळी शहरातली, वरच्या थरातली उदाहरणं. रत्नागिरीच्या मुलीपर्यंत त्यांचा परिणाम उशिरा पोचला. खेड्यापर्यंत लवकर पोचलं ते १९४१ साली स्थापन झालेलं राष्ट्र सेवा दल. त्याच्या कलापथकात शिकल्या-सवरल्या घरांतल्या मुली मुलांच्या बरोबरीनं उभ्या राहून लोकनृत्यं करू लागल्या, आणि ते पाहून लोकांनी नाकं मुरडली तरी आभाळ कोसळलं नाही. मग शाळा. शाळेच्या रंगमंचाला देऊळ नव्हतं, मानकरी नव्हते, यजमान नव्हता. बाई, गुरुजी आणि पालक एवढाच प्रेक्षक. तिथेच पहिल्यांदा रत्नागिरीतली आई आपल्या मुलीला लोकांसमोर नाचायला स्वतःच्या हातानं तयार करू शकली, तेही कुणाची परवानगी न काढता.

म्हणून संमेलनातल्या नाचांवर होणारी नेहमीची टीका मला अर्धीच पटते. गाणी सिनेमातली, कपडे भाड्याचे, कोळीण म्हणून नाचणाऱ्या पोरीला आणि तिच्या आईला कोळणीचं लुगडं कसं नेसतात ते ठाऊक नाही, सगळा खटाटोप चार मिनिटांसाठी. हे सगळं बरोबर आहे. पण यावरून जुन्या रंगपटाचे गोडवे गाणं योग्य नाही. मुरदाडशिंगात शिसं असतं, हिंगुळात पारा. कोवळ्या चेहऱ्यावर रात्र रात्र राहणारा तो रंग आज कुणी आपल्या मुलाला लावणार नाही. राधा झालेल्या पोराला वर्षभर गावात काय काय ऐकून घ्यावं लागे, त्याचंही कौतुक करण्यासारखं काही नाही. आणि ज्या कौशल्यासाठी आपण हळहळतो ते बाईला दूर ठेवूनच जोपासलेलं होतं. हे मान्य करूनही एक तोटा उरतोच. खेळ्यांच्या वाड्यात सजवणं हे शिकवणंही होतं. चाळ बांधता बांधता पहिलं पाऊल कुठलं, मृदंगाची थाप कुठे येते, संकासूर अंगावर धावून आला की कुठे वळायचं, हे मुलाच्या कानात पडत असे. आजची आई मुलीला सजवते, नाच बसवणारे सर निराळे असतात आणि कपडेवाला तिसराच असतो. मूल तिघांच्या हातांतून जातं आणि त्यांतल्या कुणाशीच त्याची पुढे गाठ पडत नाही.

हा तोटा भरून न येण्यासारखा नाही, कारण जुनी माणसं संपलेली नाहीत. नमनं अजून होतात. बहुरंगी नमनांचे आणि शक्ती-तुऱ्याच्या जाखडीचे प्रयोग गावात आणि मुंबईतही लागतात. परळच्या दामोदर नाट्यगृहाला कोकणी माणसाच्या या खेळांनीच वर्षानुवर्षं गर्दी दिली. काही ठिकाणी आता बायकांचीच नमन मंडळं उभी राहिली आहेत, आणि गवळण व्हायला पोरगा शोधावा लागत नाही. राज्य सरकारही दहावीला लोककलेतल्या सहभागाचे वाढीव गुण देतं, त्यामुळे आईवडिलांना हा वेळ वाया गेला असं वाटण्याचंही फारसं कारण नाही. संमेलनं डिसेंबर-जानेवारीत होतात आणि शिमगा फाल्गुनात येतो, म्हणजे त्या दिवसांत खेळे अजून मोकळे असतात. रत्नागिरी तालुक्यातल्या मुख्याध्यापकांनी यंदा भाड्याचे कपडे मागवण्याआधी आपल्याच गावच्या नमन मंडळातल्या रंगवणाऱ्याला बोलवावं, मुलींच्या आयांना त्याच्याशेजारी बसवावं, आणि चाळ बांधायचं काम दोघांनी मिळून करावं. मानधन मात्र कपडेवाल्याला देतात तेवढं तरी त्याला द्यावं.