चिपळूणचे खोत, गिरणगावच्या खोल्या

मुंबईतल्या दाटीवाटीच्या वस्त्यांचा इतिहास सांगायचा झाला की बहुतेक लेखक 1896 च्या प्लेगपासून सुरुवात करतात. मग 1898 ची इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट येते, 1920 नंतरच्या बीडीडी चाळी येतात, 1971 चा झोपडपट्टी कायदा येतो आणि शेवटी एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. क्रम बरोबर आहे, पण तो सगळा मुंबईच्या हद्दीत फिरतो. खोलीत झोपणारा माणूस कुठून आला, त्याची बायकामुले कुठे राहिली, तो आजारी पडल्यावर कुठे गेला, हे प्रश्न त्यात एखाद्या वाक्यात उरकले जातात. मला वाटते, या इतिहासाचा निम्मा भाग चिपळूण, खेड, दापोली, संगमेश्वर या तालुक्यांत घडला आणि तो वगळल्यामुळे उरलेला निम्माही नीट कळत नाही. मुंबईने आपल्या कामगाराला शंभर वर्षे इतक्या वाईट जागेत ठेवले. ते तिला जमले, कारण त्या कामगाराच्या संसाराचा मोठा खर्च चिपळूणजवळच्या वाशिष्ठी नदीच्या खोऱ्यातली गावे उचलत होती.

चिपळूण हे मुळात वाटेवरचे गाव. दाभोळपासून आत शिरलेली खाडी गोवळकोटापर्यंत येते आणि पलीकडे कुंभार्ली घाट चढला की कऱ्हाड. घाटावरचा माल उतरायचा, गलबतात चढायचा आणि मुंबईला जायचा. 1880 नंतर पुण्याहून मिरजेकडे रेल्वे गेली तेव्हा घाटावरच्या मालाला दुसरी वाट मिळाली आणि चिपळूणच्या पेठेची रया हळूहळू उतरत गेली. आसपासच्या खेड्यांकडे पेठेइतकासुद्धा आधार नव्हता. उत्तर रत्नागिरीतली बहुतेक गावे खोती होती, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या वंशपरंपरागत खोताच्या ताब्यात होती. कुळाने भातजमिनीच्या पिकातला निम्मा वाटा खोताला द्यायचा, तो अर्धेल. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकली तर त्यातला तिसरा हिस्सा, तो तिर्धेल. शिवाय वेठ होतीच. 1880 च्या खोती कायद्याने खोत आणि कूळ यांचे हक्क कागदावर आणले, पण जमिनीची मालकी कुळाकडे गेली नाही. वरकस जमीन काही वर्षे पिकवली की काही वर्षे पड टाकावी लागते. म्हणजे कुळाच्या हाती वर्षभर पुरेल इतके धान्य क्वचितच राहायचे. खोताचा वाटा धान्यात देता येत असे, पण सावकाराचे व्याज, लग्नकार्य आणि कापडचोपड यांना रोकडच लागते, आणि रोकड मुंबईत होती.

1881 च्या जनगणनेच्या वेळी मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली माणसे सव्वा लाखाच्या घरात होती. तेव्हा शहराची सगळी लोकसंख्या पावणेआठ लाख. 1911 मध्ये गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरीचे होते. 1921 मध्ये मुंबईतल्या दर पाच माणसांमागे साधारण एक या जिल्ह्यात जन्मलेला होता. त्याच वर्षी मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया फक्त 525 होत्या, तर रत्नागिरीत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त. हे दुसरे प्रमाण आजही टिकून आहे: 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया भरल्या. दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे दिसते की शहरात पुरुष आले, कुटुंब आले नाही. गिरणीमालक एका माणसापुरती मजुरी देत होता. त्याच्या बायकोची बाळंतपणे, मुलांना वाढवणे, म्हाताऱ्या आईबापांचे पोट, मंदीतल्या बेकारीचे महिने आणि शेवटचे आजारपण हा सगळा खर्च गावाकडच्या शेतावर आणि त्या शेतात राबणाऱ्या बाईवर पडत होता.

गिरणगावातल्या, परळ-लालबागच्या खोल्या या हिशेबातूनच उभ्या राहिल्या. एका गावचे किंवा एका वाडीचे दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त पुरुष मिळून एक खोली घेत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. दिवसपाळीवाले कामावर गेले की रात्रपाळीवाले तिथेच आडवे होत, आणि उन्हाळ्यात गॅलरी, जिना, फुटपाथ हा खोलीचाच विस्तार. जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बाई बहुधा कामगाराचीच बायको किंवा विधवा असे आणि पगार होईपर्यंत उधारीवर जेवू घालणारी तीच त्या वस्तीची खरी पतपेढी होती. (प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी. या श्रमाची कोणी दखल घ्यायला इतकी वर्षे जावी लागली.) खोली एका माणसाची नसे, गावाची असे. गावाहून नवा पोरगा आला की त्याला पथारीपुरती जागा मिळे, कोणीतरी त्याला मुकादमाकडे नेई, बदलीवर घेतले जाई. गावकरी मंडळाची वर्गणी, भजनाचे साहित्य, गावच्या देवळाच्या दुरुस्तीचा हिशेब, भावकीचे तंटे, सगळे त्याच दहा बाय सोळाच्या चौकटीत. सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतल्या खोलीचेही माप तेवढेच, 160 चौरस फूट. गंमत अशी की दोनशेवर इमारती बांधून झाल्या तेव्हा कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. घरांची टंचाई होती, पण सरकारी भाडे एका मजुरीत बसत नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की चाळ म्हणजे झोपडपट्टी नव्हे. चाळीला मालक होता, भाडेपावती होती, नळ होता, सार्वजनिक गणपती होता. तिच्यावर आज इतके हळवे लेखन होते की तिला गरिबांच्या वस्तीत मोजणे अनेकांना रुचत नाही. पण कायदेशीर आणि बेकायदेशीर वस्ती ही विभागणी पुष्कळ नंतरची आहे. 1931 च्या रॉयल कमिशन ऑन लेबरसमोर आलेल्या पाहणीत मुंबईतल्या कामगार कुटुंबांपैकी सत्त्याण्णव टक्के एका खोलीत राहत होती. हवा, उजेड, शौचालय आणि माणशी जागा यांवर पाहिले तर त्या खोल्या पुढच्या काळातल्या अनेक झोपड्यांपेक्षा बऱ्या होत्या असे म्हणता येत नाही. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने खोलीचे भाडे गोठवले आणि आतल्याला तिथे टिकू दिले. बाहेरून नंतर आलेल्याला तशी खोली मिळेना, तो धारावी-घाटकोपरच्या मोकळ्या जागेवर पत्रे ठोकून राहिला. चाळ आणि झोपडी यांच्यातला फरक बऱ्याच अंशी कोण आधी आला याचा होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खोताने माणसांना हाकलले असे म्हणणे हे एकांगी आहे, असे काही अभ्यासक सांगतात. कोकणची जमीन जांभ्याची, उतारावरची, पावसात धुपणारी. लोकसंख्या वाढली की माणसे बाहेर पडणारच होती. शिवाय 1949 च्या कायद्याने खोती संपली तरी चिपळूणची माणसे मुंबईला जायची थांबली नाहीत. हे मान्य करावे लागते. खोती हे एकमेव कारण असते तर 1950 नंतर ओघ आटायला हवा होता. पण खोती गेली तेव्हा कुळांच्या हाती आली ती तुकड्यातुकड्यांची, शंभर वर्षे भांडवल न लागलेली जमीन. तोपर्यंत घराची घडीच अशी बसली होती की शेत धान्य देईल आणि मुंबई रोकड देईल. ती घडी कायदा करून एका दिवसात मोडत नाही. खोतीने माणसे घालवली इतकेच नाही, तर माणूस कायमचा जाणार नाही अशीही व्यवस्था केली. कुळाचा हक्क वहिवाटीवर टिकायचा, म्हणून घरातले कोणीतरी जमिनीवर राहिलेच पाहिजे. भाऊ मुंबईला, वहिनी शेतात, हा तोडगा पोटातून निघाला तसाच सातबाऱ्याच्या भीतीतूनही.

मुंबई ही सुटकेची वाट होती, हेही तितकेच खरे. विशेषतः महार कुटुंबांसाठी गावकीच्या बलुत्यापासून आणि खोताच्या वेठीपासून दूर जाता येणे ही छोटी गोष्ट नव्हती. पण सुटका झालेले लोक मागे वळून काय करत होते हे पाहिले पाहिजे. एप्रिल 1929 मध्ये चिपळूणला रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषद भरली, अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि विषय होता खोती. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यासाठी मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांबरोबर गिरणी कामगारांच्या संपात उतरला. एकाच पक्षाने एका वर्षात खोताविरुद्ध आणि गिरणीमालकाविरुद्ध झेंडा उभारावा, हा मला योगायोग वाटत नाही. कामगारच दोन्हीकडचा होता.

मालकांना हे नाते ठाऊक होते, पण त्याचा अर्थ ते आपल्या सोयीने लावत. कामगार मनाने शेतकरी आहे, त्याचे लक्ष गावाकडे असते, पेरणीला रजा घेतो, म्हणून त्याला जास्त मजुरी किंवा चांगले घर देऊन उपयोग नाही, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे चालला. 1931 चे कमिशनही अखेर या निष्कर्षावर आले की गावाशी असलेला दुवा तोडू नये, तो फायद्याचा आहे, फक्त त्याला शिस्त लावावी. फायदा कोणाचा, हे त्यांनी फार ताणले नाही. इतिहासकार मॉरिस डी. मॉरिस यांनी 1965 मध्ये आणि राजनारायण चंदावरकर यांनी 1994 मध्ये या गृहीतकाची चांगलीच झडती घेतली. चंदावरकरांचा मुद्दा मला जास्त पटतो: गाव हा कामगाराचा मागासपणा नव्हता, ते त्याचे बळ होते. 1928 मध्ये गिरण्या सहा महिन्यांच्या आसपास बंद राहिल्या. इतका काळ पगाराविना काढता आला त्याचे एक कारण म्हणजे कामगार वळकटी बांधून गावाला गेले. मालकाला स्वस्त मजूर पुरवणारे शेत संपाच्या काळात त्याच मजुराला मालकाविरुद्ध पोसत होते.

हे बळ किती उरले होते ते 18 जानेवारी 1982 नंतर कळले. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि पुन्हा बरेच जण गावाला गेले. पण हा संप सहा महिन्यांत मिटणारा नव्हता, आणि गावातली शेती 1928 इतकीही राहिली नव्हती. पुरुष नसलेल्या घरांत वरकस जमीन पड पडली होती, घरखर्च मनीऑर्डरवरच उभा होता. दोन्ही खांब एकमेकांवर टेकलेले असताना एक कोसळला. गिरण्या बऱ्याच पुन्हा उघडल्याच नाहीत आणि 1991 नंतर त्यांच्या जमिनींवर बांधकामाची दारे मोकळी झाली.

त्या जमिनींवर कामगारांसाठी काही घरे राखायची हे धोरण ठरले तेव्हा हा जुना प्रश्न उघडपणे पुढे आला. 2012 मध्ये म्हाडाची पहिली सोडत निघाली, घर 225 चौरस फुटांचे. बीडीडीच्या खोलीपेक्षा 65 फूट जास्त, आणि मध्ये नव्वद वर्षे. हक्क सांगणाऱ्या कामगारांची आणि वारसांची संख्या दीड लाखाच्या आसपास गेली, मिळालेली घरे तिच्या एका लहान हिश्शापुरती. मग सरकारने मुंबईबाहेर शेलू आणि वांगणीत घरे देऊ केली आणि जुलै 2025 मध्ये गिरणी कामगार व वारस आझाद मैदानावर जमले, मागणी मुंबईतल्याच घराची. त्यांच्यातले पुष्कळ आज कोकणात किंवा घाटावर राहतात, मग मुंबईतच घर कशाला, असे विचारले जाते. प्रश्न वरवर वाजवी आहे. पण याच तर्काने 1920 मध्ये खोली 160 फुटांची ठरली होती: माणूस इथला नाही, त्याचे खरे घर तिकडे आहे. तिकडच्या घराने शंभर वर्षे जो खर्च उचलला त्याची गणना कधी झाली नाही, म्हणून गिरणीच्या जमिनीचा भाव ठरतानाही त्याचा वाटा निघाला नाही. मुंबईत घर मागणारा चिपळूणचा वारस तो वाटा मागतो आहे, आणि ज्या जागेवर तो मागतो आहे त्या जागेचे भाडे त्याच्या आजीने भात लावून आधीच भरलेले आहे.